ऋषीच्या भाजीचं पथ्य

पथ्य पाळावं तर काशिराम म्हात्र्यांनी, असं काशिराम म्हात्रे स्वतःच सगळ्या रोडपालीत सांगत फिरत.

आतड्याच्या बायपासनंतर त्यांचं वजन एकशे तीसवरून नव्वदावर आलं होतं. पण लघवीतून ऑक्झलेट नावाचा क्षार फार जातोय, असंच चाललं तर मूतखडे होतील आणि किडन्या जातील, अशी तंबी डॉक्टर भावनांनी दिली होती. "पहिलं म्हणजे तेल-तूप कमी करा," त्या म्हणाल्या आणि तेवढ्यावरच काशिरामांची तंद्री लागली. तेल गेलं म्हणजे बोंबील गेले. ते त्यांच्या डोळ्यांपुढे रव्यात लोळले, तव्यावर निवांत पहुडले, कूस बदलून सोनेरी झाले. डॉक्टर पुढे बरंच बोलत होत्या. हाती आलेला कागद काशिरामांनी शर्टाच्या खिशात घातला आणि तो शर्ट गुणाबाईंनी धुऊन टाकला.

"काय बोलली डॉक्टरीन?" गुणाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तेल नको. मासली बंद."

"मंग ऋषीची भाजी हाय ना. तिला कुठं तेल लागतं?"

ऋषिपंचमी कालच झाली होती. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, भोपळा. फोडणीचं नावच नाही. ऋषींना चालते ती नवऱ्याला का चालू नये? भाजी रोज शिजू लागली. दुपारी ती खाऊन काशिराम झोपाळ्यावर डोळे मिटत, की बोंबील हळूच उशाशी येऊन बसत. डोळे उघडले की त्यांना रडू यायचं, पण किडनीसाठी ते गिळत.

विसाव्या दिवशी चोवीस तासांची लघवी भरलेला कॅन मांडीवर घेऊन ते मोठ्या ऐटीत रिक्षाने लॅबमध्ये गेले.

"आकडा दुप्पट झालाय," चार दिवसांनी रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाल्या. "खाता काय तुम्ही?"

काशिरामांनी अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, ऑक्झलेट भरलंय म्हणून अळू, माठ, सुरण बंद, अशी मी यादी दिली होती. तुम्ही त्या यादीचीच भाजी केलीत. आणि मासे?"

"एक काटा पन नाय."

"मासे कोणी बंद केले? थोड्या तेलात खुशाल खा. पाणी भरपूर, कॅल्शियमची गोळी जेवताना. किडनी अजून शाबूत आहे, पण आता नीट ऐका."

या वेळी काशिरामांनी यादी दोनदा वाचून घेतली आणि घर गाठलं.

"गुना, बोंबील चालतात."

गुणाबाईंनी कपाळाला हात लावला. उरणच्या खाडीवर वाढलेली ही बाई, पण नवऱ्यासमोर कसं खायचं म्हणून इतके दिवस तिनेही मासळीला हात लावला नव्हता. काशिरामांच्या हे आज लक्षात आलं आणि त्यांना भरून आलं.

"आन हे तुमी आज सांगता?" गुणाबाई म्हणाल्या. "परवा घट बसतात. घर धुवून झालं. आता दसऱ्यापर्यंत मासली आत येनार नाय."

"मंग आज जेवायला?"

"दुधी," गुणाबाई म्हणाल्या. "बिनतेलाचा."