थंड अणू आणि अम्मीचे पेले

लातुरात भौतिकशास्त्र माझ्यासारखं कुणी शिकवत नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी अजून सांगितलेलं नाही.

तीन वर्षं मी गुरुबसप्पा सरांच्या क्लासमध्ये तासावर शिकवत होतो. जूनमध्ये सर म्हणाले, "रियाज, रविवारी पालकांसमोर डेमो दे. पटला तर तुला कायम करतो. न्हाई पटला तर हैदराबादचा मास्तर तयारच हाय."

मी मुद्दाम अवघड विषय घेतला. जिथं हवा जवळजवळ नाहीच, तिथला दाब कसा मोजायचा? साधी मापकं तिथं हात टेकतात. मग लेझरनं अणू इतके थंड करायचे की ते जागच्या जागी पेंगायला लागतात. त्यांना चुंबकाच्या उथळ खळग्यात ठेवायचं. उरलासुरला हवेचा कण येऊन धडकला की एखादा अणू बाहेर. अणू किती भराभर बाहेर पडतात हे मोजलं, की हवा किती उरलीय ते कळतं.

आता हे पालकांना कसं दाखवणार? मी घरून सामान नेलं. मागच्या रांगेतून दिसावं म्हणून टेबलावर स्टीलचे सहा पेले रचले, एक उलटा, एक सुलटा. त्यावर ताटली, ताटलीत गोट्या. गोट्या म्हणजे थंड अणू. लांबून मारायचे फुटाणे म्हणजे हवेचे कण. बारावीतल्या शिवांगीच्या हातात घड्याळ आणि वही दिली.

"जे जे बाहेर जाईल त्याची वेळ लिहायची," मी बजावलं. "काही म्हणजे काही सोडायचं नाही."

दोनशे पालक जमले होते. पहिल्या फुटाण्याला एक गोटी बाहेर. दुसऱ्या फुटाण्याला दुसरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुबसप्पा सर मान डोलवत होते. मला कायमच्या नोकरीचा वास आला आणि तिसरा फुटाणा जरा जोरातच सुटला. सगळे पेले खणखणत फरशीवर कोसळले.

पुढच्या मिनिटात हॉल मोकळा. चपला आत, माणसं मैदानात. मुरुडचे एक जाडजूड व्यापारी खिडकीतून कसे निघाले ते त्यांनाही सांगता येईना.

मैदानातल्या लिंबाखाली धापा टाकताना मला सगळं आठवलं. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपानंतर अम्मी रोज झोपण्याआधी असेच पेले रचायची, एक उलटा, एक सुलटा. पेले पडले की विचार करायचा नाही, बाहेर पळायचं. मैदानात उभ्या असलेल्या बहुतेकांच्या घरी हेच चालायचं. मी विज्ञानाचा प्रयोग म्हणून आमच्या जिल्ह्याचा भोंगा वाजवला होता.

सरांच्या मागोमाग मी दारापर्यंत परत आलो, तर आत दोघीच उरल्या होत्या. शिवांगी, आणि पहिल्या रांगेत तिची आजी केवळाबाई, किल्लारीच्या.

गुरुबसप्पा सरांनी दारातून विचारलं, "आजी, तुम्ही न्हाई पळालात?"

"मी किल्लारीची हाय, बाबा. जमीन हलल्याबिगर पळत न्हाई. फुटाण्यानं पडलं त्ये, मी बघतच व्हते की."

"मग शिकवलेलं कळलं का काही?"

"कळलं की. धक्का लागला की किती बिगीनं बाहेर पडतेत, त्याच्यावरनं समजून घ्यायचं."

मला तिथल्या तिथं आजींच्या पाया पडावंसं वाटलं. सरांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी शिवांगीकडे वही मागितली. ती गुणाची पोर, उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली.

"पहिली गोटी, चार सेकंद. दुसरी, अकरा सेकंद. मग पेले पडले. त्यानंतर सगळ्यात आधी रियाज सर, दीड सेकंद, टेबलावरून उडी मारून. त्यांना पाहून बाकीचे."

सरांनी तिच्या हातातून वही घेऊन मिटली.

"आजीला कळलं म्हणजे शिकवणं चांगलं हाय," ते म्हणाले. "तुला कायम केलं."

नेमणुकीच्या कागदावर खाली त्यांनी हातानं एक अट लिहिली आहे. वर्गात स्टीलचं कोणतंही भांडं आणू नये. म्हणून हल्ली मी दुपारच्या भाकरी फडक्यात बांधून नेतो.