पाच खिंडी, पाच नारळ

आमच्या शेजारचा दत्ताराम सायकलवरून जाताना पाठीवरच्या पिशवीत पाच सोललेले नारळ घेऊन जातो. परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या मागे फाटकाजवळून हेल्मेट घातलेला माणूस खडखडत गेला, तो कोण, असे तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलेत. तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आता क्रमाने लिहिते. जिथे माझाच गोंधळ आहे, तिथे तो तसाच राहील.

दत्ताराम एकसष्ट वर्षांचा. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग सुपरवायझर होता. तीस वर्षे तिथेच खोली करून राहिला, फक्त रविवारी कारापूरला घरी यायचा. लग्न केले नाही. घरी त्याची विधवा बहीण, आक्का, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. निवृत्त झाला त्या दिवशी सोबत्यांनी त्याला गिअरची सायकल भेट दिली. तेव्हापासून मनालीहून लेहला सायकलने जायचे, हे त्याने मनात घेतले. वाटेत पाच खिंडी, शेवटची सतरा हजार फुटांच्याही वर. आमच्या वाड्यावर, अख्ख्या वस्तीत, सर्वांत उंच म्हणजे पाण्याची टाकी.

"सगळें थारलां, वयनी," तो फाटकाशी एक पाय टेकून सांगतो. "फकत एक रावलां."

ते राहिलेले एक रोज वेगळे असते. सोमवारी टायर, मंगळवारी हातमोजे, बुधवारी पुन्हा टायर.

जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूंवर त्याने सगळा रस्ता काढला, चढउतारांसकट, आणि ती पाने ओळीने घरातल्या भिंतींवर चिकटवली. मनाली पुढच्या दाराशी आली. पण रस्ता घरापेक्षा लांब निघाला. शेवटची खिंड स्वयंपाकघरात वळली आणि लेह आक्काच्या गॅसच्या डोक्यावर येऊन बसले. फोडणीचे तेल उडून उडून तिथे आता कोणता रस्ता आणि कोणती नदी, कळत नाही.

"बाजारातसून कोथिंबीर आणूंक विसरता," आक्का म्हणते, "आनी हो लेह सोदून काडटलो!"

उंचावर हवा विरळ असते म्हणून तो एका नाकपुडीत कापूस घालून चोर्ला घाट चढतो. थंडीची सवय व्हावी म्हणून मासेवालीकडून बर्फ घेतो आणि परसात घमेल्यात पाय बुडवून बसतो. थोड्या वेळाने वाड्यावरची सगळी मांजरे त्याच्याभोवती गोल करून बसतात. सकाळी पाववाला पोदेर उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, भलीमोठी टोपली मागे लावून, भोंगा वाजवत, त्याला सहज मागे टाकून जातो.

"ताका गिअर नात, वयनी. म्हणून ताचें मन थीर," दत्ताराम म्हणतो. हे मला अजून समजलेले नाही.

आता नारळांचे. आपल्याकडे गावाची शीव राखणारा देव असतो, राखणदार. मोठ्या कामाला शीव ओलांडून जायचे तर त्याला नारळ ठेवायचा. दत्तारामच्या मते खिंड म्हणजे शीवच. साखळी गावातल्या सायकलवाल्याने त्याला वजन कमी करायला सांगितले, तेव्हा त्याने टूथब्रशचा दांडा कापला, टॉवेल अर्धा फाडला, आणि पाचही नारळ पिशवीत तसेच ठेवले.

"अरे, तिथल्या देवांना नारळ ठाऊक तरी असेल का?" मी विचारले.

"तेंच तर, वयनी! कोणेंच दिलो नासतलो. बिचारे!"

मग नवीनच प्रश्न निघाला. तिथल्या राखणदारांची नावे काय? नावाशिवाय गाऱ्हाणे घालायचे कोणाला? माझे इंग्रजी शिक्षण झालेले, म्हणून हे शोधायचे काम माझ्याकडे आले. मी दोन संध्याकाळी फोनवर शोधले. कोणत्या खिंडीखाली चहा मिळतो ते सापडले. राखणदार सापडले नाहीत. शेवटी त्याने ठरवले, आपल्याच देवाला कौल लावून विचारायचे, जाऊ की नको. देव म्हणेल तसे.

त्याच आठवड्यात आक्का दुपारची माझ्याकडे येऊन बसली. तिने दत्तारामसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली होती. बराच वेळ सुया चालल्या.

"वयनी, एकवीस दीस म्हणटा तो. म्हळ्यार आयतार कितले गे?"

"तीन रविवार," मी म्हटले.

"तीन," ती म्हणाली, आणि टोपी अर्धवट गुंडाळून घरी गेली. तिला काय मोजायचे होते, ते तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

कौलाच्या दिवशी दत्तारामने मला साक्षीदार म्हणून नेले. "तुमी शिकिल्ल्यो. तुमी पळयल्यार कोण वाद घालचो ना." गुडघ्यांमुळे आक्काला देवळाच्या पायऱ्या चढवेनात, ती खालीच तुळशीच्या कट्ट्यावर बसली. आत भटजींनी मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भटजींनी गाऱ्हाणे घातले. दत्ताराम हात जोडून उभा होता, पण बघत होता मागे, दारातून बाहेर. मीही वळून पाहिले. आक्काने डोळे घट्ट मिटले होते आणि तिचे ओठ भराभर हलत होते.

आम्ही पुन्हा पुढे पाहिले, आणि उजवी पाकळी पडली. स्वच्छ पडली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. भटजींनी पाकळी उचलून दत्तारामच्या ओंजळीत ठेवली. त्याने ती खिशात घातली आणि तो पायऱ्या उतरला.

"आक्का, डावी पडली," तो म्हणाला.

आक्काने डोळे उघडले. "डावी? अरे देवा! इतकी तयारी केल्ली मरे तुवें!" मग तिने माझ्याकडे पाहिले. "खरेंच गे, वयनी?"

मुलांनो, खोटे बोलू नये असे मी तुमच्या आईला पट्टी हातात घेऊन शिकवले आहे.

"डावीच," मी म्हटले. "मी पाहिली ना."

आक्का उठली. कोणाचा हात न धरता रस्त्याला लागली, आणि चालता चालता देवालाच बोलू लागली, की म्हाताऱ्या माणसाची एवढी हौस पुरवली असती तर त्याचे काय जाणार होते. दत्ताराम सायकल हातात धरून माझ्याबरोबर मागून येत होता. आक्का बरीच पुढे जाईपर्यंत मी थांबले आणि मग विचारले, "हे काय केलेस तू?"

त्याने सायकल रस्त्याच्या कडेला घेतली.

"कौल दोगांनी मागिल्लो, वयनी," तो म्हणाला. "म्हजो देवान दिलो. तिचो हांवें दिलो."