ताटाखालचं जपान

आमच्या शेजारच्या नथूदादांच्या ताटाखाली जपान आहे. लहान मुलांच्या ताटाखाली घालायचं रंगीत चित्रांचं प्लॅस्टिक असतं ना, तसलं एक त्यांच्याकडे आहे. त्यावर जपानी मुळाक्षरं छापलेली आहेत. हिरागाना म्हणतात त्यांना, एकूण शेहेचाळीस. प्रत्येक अक्षराच्या चौकोनात खायच्या एकेका वस्तूचं चित्र. नथूदादा जेवायला बसले की आधी ताट उचलतात, खालच्या एका चौकोनावर बोट ठेवतात आणि मोठ्याने म्हणतात, "ना. नासु. वांगं." मग ताट खाली ठेवून वांग्याच्या भाजीला हात लावतात. ताटात वांगं नसेल त्या दिवशी 'ना' म्हणायचं नाही, असा नियम आहे. नियम त्यांचाच.

"अक्षर डोळ्यानं ऱ्हात नाय रं," ते म्हणतात, "पोटानं ऱ्हातं."

नथूदादांचं वय चौसष्ट. अंगात कायम बाह्यांची बंडी, कानावर पेन्सिल. खालापूरच्या बाजूच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि दहिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन राहिले. लग्न केलं नाही. धाकट्या दोन भावांची मात्र थाटात लावून दिली. ते भाऊ आता एक पनवेलला, एक बदलापूरला. निवृत्तीला साहेबलोकांना घड्याळ मिळतं. कँटीनच्या मंडळींनी नथूदादांना वीस माणसांच्या भाताचा टोप दिला, कडेला नाव कोरून. तो त्यांच्या माळ्यावर पालथा पडून असतो. "एकट्याचा भात त्यात हरवंल रं," असं ते एकदा म्हणाले होते. मी हसलो होतो.

प्लॅस्टिक आलं ते कँटीनमधूनच. कारखान्यात नवं यंत्र बसवायला जपानहून काही मंडळी आली होती. त्यातले एक चष्मेवाले साहेब आठ महिने नथूदादांच्या हातचं जेवले. नथूदादा त्यांच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढायचे. जाताना साहेबांनी आपल्या मुलीचं ते प्लॅस्टिक यांना दिलं. तोवर दर दुपारी जेवता जेवता एकेक चित्र दाखवून ते नाव सांगत, आणि नथूदादा कानावरची पेन्सिल काढून कागदावर मराठीत लिहून घेत.

आता यात मी कुठे आलो? मी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. गेल्या वर्षी आमच्या मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं की जपानीची पहिली परीक्षा पास होईल त्याला तीन आठवडे जपानला ट्रेनिंग. मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस. शाळेत संस्कृत सोडलं कारण पाठांतर जमेना, कॉलेजात फ्रेंच सोडलं कारण सर आवडेनात. तरी मी हात वर केला. घरी येऊन वैशालीला, म्हणजे बायकोला, सांगितलं, "मी जपानला चाललोय." ती म्हणाली, "आधी इथलं पळसदरीचं धरण तरी दाखवा. लग्नाला पंधरा वर्षं झाली, नुसतं उद्या उद्या चाललंय."

मी पुस्तक आणलं, फोनमध्ये ॲप घेतलं, दोन रंगांचे पेन घेतले. महिनाभरात मला पाच अक्षरं आली आणि त्यातली दोन पुन्हा गेली. अंगणात बसून मी सहावं गिरवत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून नथूदादा म्हणाले, "त्ये 'सा' उलटं काढलंस. तसं काढलं का 'चि' व्हतं."

मी पेन खाली ठेवलं. ज्या माणसाला आम्ही भाताच्या आधणाबद्दल विचारायचो, तो मला जपानी सुधारून देत होता!

"रविवारी दुपारी ये," ते म्हणाले. "एक रविवार, एक अक्षर. पन जेवायचं हितंच. खाल्ल्याबिगर शिकवायचा नाय मी."

असे आमचे वर्ग सुरू झाले. अक्षरांचा क्रम पुस्तकात वेगळा असतो, नथूदादांकडे तो कर्जतचा बाजार ठरवायचा. गाजरं ताजी दिसली की 'निन्जिन'. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळाल्या की 'का. कानि.' त्या दिवशी अक्षराला दहा मिनिटं आणि चिंबोऱ्या फोडायला दोन तास लागले. चित्रातली वस्तू मिळाली नाही तर त्यांच्याकडे बदली तयार असायची. 'तोफू'ला पनीर आलं. 'उमे' या आंबट फळाला करवंदं आली. 'वासाबि' नावाची एक हिरवी झणझणीत चटणी तिकडे असते. नथूदादांनी तिच्या जागी लवंगी मिरची आणि राई वाटली. मी मोठा घास घेतला. पुढची पाच मिनिटं मला ना जपानी येत होतं ना मराठी. पण खरं सांगतो, 'वा' हे अक्षर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

'नु'ची कथा तर आळीभर गाजली. चौकोनात होतं 'नुकाझुके'. तांदळाचा कोंडा आंबवून त्यात भाज्या पुरून ठेवायच्या, असं त्यांना साहेबांनी सांगितलेलं. नथूदादांनी गिरणीतून पिशवीभर कोंडा आणला, मीठ-पाणी घालून मळला आणि त्यात काकड्या पुरून बरणी ओट्यावर ठेवली. आठवड्याने वास असा सुटला की समोरच्यांनी गटार तुंबलं म्हणून माणूस बोलावला. माणूस काठी घेऊन वास घेत घेत थेट बरणीपाशी आला. मला मात्र ती काकडी चक्क आवडली. दोन खाल्ल्या.

हे सगळं छान होतं, पण एक अडचण होती. नथूदादा विसरत. 'नु' झालं, की दोन रविवारांनी म्हणत, "ह्ये कोंचं रं? 'मे' का?" ती दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी, 'नु'च्या शेपटीला तेवढी एक गाठ जास्त. "गेलं बघ डोक्यातनं. पुन्यांदा करायला लागंल." मग पुन्हा कोंडा. 'नासु' तर तीनदा झालं, एकदा भरीत, एकदा भरली वांगी, एकदा काप. सत्तावीस रविवार उलटले आणि आमची अक्षरं झाली चौदा.

मी वैशालीजवळ हळहळायचो. "बिचारे! वय झालं. डोक्यात राहत नाही त्यांच्या."

"हो का?" ती म्हणायची, आणि माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघायची.

दरम्यान मी गुपचूप पुढे निघालो होतो. कंपनीच्या बसमध्ये दहिवली ते लोधिवलीपर्यंत एक ओळ, लोधिवली ते कारखाना दुसरी. सप्टेंबरपर्यंत शेहेचाळीसच्या शेहेचाळीस अक्षरं मला तुटक का होईना, येऊ लागली. आणि माझ्यात एक भलताच विद्वान संचारला. रविवारी मी नथूदादांच्या चुका काढू लागलो. "अहो दादा, हे 'रे' आहे, 'ने' नव्हे. किती वेळा सांगायचं?" ज्यांच्या घरी जेवतोय त्यांच्यावरच डाफरत होतो. ते शांतपणे आमटी वाढत आणि म्हणत, "आसंल, आसंल. तू घे अजून."

परीक्षा डिसेंबरात होती. एका रविवारी हात धुताना मी सांगून टाकलं, "दादा, आता पुढचं मी एकटाच करतो. तुमच्या गतीने गेलो तर मी निवृत्त होईन तेव्हा परीक्षेला बसेन." आणि वर हसलो.

नथूदादा ताटं उचलत होते. "बरं," म्हणाले. मग ताटं मोरीत ठेवून, "फुडच्या रविवारी चवळी भिजवनार व्हतो. 'मामे'ला." मी म्हटलं, "मामे मला येतं."

पुढचे तीन रविवार मी घरी पुस्तक उघडून बसलो. दुपारी कुंपणापलीकडे एकच ताट वाजायचं. वैशाली दर वेळी विचारायची, "आज जायचं नाही?" मी म्हणायचो, "अभ्यास आहे."

चौथ्या रविवारी तिने घोसाळ्याची भजी केली आणि डबा माझ्या हातात दिला. "देऊन या. त्यांना आवडतात." खरंच आवडतात. चौकोनात 'हेचिमा' म्हणजे घोसाळं सापडलं, त्या दिवशी त्यांना कोण आनंद झाला होता. "अरं, तिकडं पन घोसाळं!" म्हणून त्यांनी मला दोनदा बोलावून दाखवलं होतं.

नथूदादा घरी नव्हते, दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. मी डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. मिठाच्या डब्याशेजारी एक शाळेची वही उघडी पडली होती, पानावर पेन्सिल. पान हिरागानाने भरलेलं.

दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. पण मी स्वतःला म्हटलं, आपण वाचत कुठे आहोत, आपण सराव करतोय. अक्षर बघूनच मी चरकलो. झरझर, सलग, एकाही जागी खाडाखोड नाही. डोक्यावर दोन टिंबं दिली की ज्यांचा उच्चार बदलतो ती अक्षरंही मधल्या ओळींत होती, जी आमच्या वर्गात अजून यायची होती. 'नु' आणि 'मे' एकाच ओळीत शेजारी शेजारी, गाठीसकट बिनचूक.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून लावू लागलो. आ. जि. ए. कु. ता. जे. वा. रो. असा शब्द माझ्या पुस्तकात नव्हता. पुन्हा लावलं. मग मोठ्याने म्हणून बघितलं, आणि माझं बोट तिथेच राहिलं. ते जपानी नव्हतंच. अक्षरं तिकडची, भाषा आपली. आज एकटा जेवलो.

वरची ओळ तीच. त्याच्या वरची तीच. दर दिवसाला एक ओळ. मी पानं मागे उलटली. आठवडाभर एकटा, एकटा, आणि सातव्या ओळीला 'सु-रे-शु आ-रा' (जपानीत 'ल' नसतो), म्हणजे सुरेश, म्हणजे मी, आला, आणि पुढे त्या दिवशीचा जिन्नस. कानि. नासु. पुन्हा नासु. एका रविवारी ओळ मोठी होती, मला लावायला पाच मिनिटं लागली: 'नु' विसरलो म्हणालो, सुरेश पुन्हा येईल.

मी वही होती तशी ठेवली. माझी मलाच इतकी लाज वाटली की डबा घेऊनच घरी परत आलो.

वैशालीला सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही. "अहो, ज्यांना साहेबांनी समोर बसून शिकवलं, ते तीनदा वांगं विसरतील? कँटीनमध्ये तीनशे माणसं जेवून गेली की हे कँटीनचे चौदा जण एका टेबलाला जेवायला बसायचे. मला किती वेळा सांगितलंय त्यांनी. मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मुद्दाम जाताय. मनात म्हटलं, नवरा बरा आहे आपला."

हे शेवटचं वाक्य मला वासाबीपेक्षा झोंबलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. नथूदादा ओट्यापाशी एकट्यापुरता कांदा चिरत होते.

"काय रं? परीक्षा झाली?"

"कसली परीक्षा, दादा," मी म्हटलं. "'नु' विसरलो. 'मे'सुद्धा. ती दोन्ही सारखीच दिसतात मला."

त्यांनी सुरी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर मिठाच्या डब्याशेजारच्या वहीकडे गेली. मी प्लॅस्टिकवरच्या चित्रांत डोकं घातलं.

"इसरलास?"

"साफ. पुन्हा करायला लागेल."

"आणि मला तर पहिल्यापासूनच शिकायचंय," वैशाली म्हणाली. "एका रविवारी एकच अक्षर हं, दादा. मला घाई नाही."

"म्हंजे तिघं," नथूदादा म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तिघं, दर रविवारी." मग एकदम त्यांच्या आवाजात कँटीन आलं. "मंग बघतोस काय रं सुरेश? त्यो स्टूल धर. टोप काढायचाय."

मी स्टूल धरलं. ते चढले आणि त्यांनी माळ्यावरचा टोप खाली घेतला. त्यांचं कोरलेलं नाव धुळीने बुजलं होतं, ते बंडीच्या बाहीने पुसलं. तिघांना लागतील त्याच्या चौपट तांदूळ त्यात ओतले आणि आमच्याकडे पाठ करून धुवायला बसले. धुवायला जरा जास्तच वेळ लागला. दोनदा त्यांनी बाही डोळ्यांना लावली.

"को," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "कोमे. तांदूळ. म्हन गं वैशाली."

"को. कोमे. तांदूळ," वैशाली म्हणाली, आणि तिच्या मागून मीही म्हटलं.