गोगटेकाकांची फ्रेंच पंगत

गोगटेकाकांबरोबर बाहेर जेवायला जायचं असेल तर घरी सांगून जावं. परत कधी येऊ याची खात्री नाही. स्वतःचं जेवण झालं म्हणून काका उठत नाहीत, शेजारच्या टेबलावरच्यांचं झालं की उठतात. ते शेजारचे ओळखीचे असायची काही गरज नाही. "पंगत मोडू नये गं," म्हणतात आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढून निवांत बसतात.

काका मूळचे चिपळूणचे. इथे कॅनडात, केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. आता रिटायर होऊन वॉटर्लूत माझ्या शेजारी एकटेच राहतात. मी उठायच्या आत माझ्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून टाकतात आणि वर खिडकीखालून ओरडतात, "झोपा, झोपा, सॉफ्टवेअरवाले!"

त्यांच्या लेकीचं, मृणालचं, मॉन्ट्रियलमध्ये ल्यूक नावाच्या फ्रेंच मुलाशी जमलं आणि काकांनी फ्रेंच पद्धतीने जेवायचं शिकायला घेतलं. विहीणबाईंसमोर अडायला नको! आमच्या एलआरटी ट्रामच्या स्टॉपसमोर एक जुनं बिस्त्रो आहे, म्हणजे छोटंसं फ्रेंच हॉटेल. लाल बाकं, भिंतीभर आरसे, टेबलावर पांढरा कागद. दर शनिवारी दुपारी काकांचा क्लास तिथे, आणि सोबतीला मी. फुकटचं जेवण कोण सोडतंय!

पहिल्याच दिवशी घोळ. ऑम्लेट आलं तरी काका हात बांधून बसलेले.

"अहो, खा ना!"

"सगळ्यांना वाढून होऊ दे."

"काका, हे बिस्त्रो आहे. इथे सगळ्यांना वाढून कधीच होत नाही!"

दार उघडत होतं, माणसं येत होती, ऑम्लेट गार ठणठणीत. शेवटी तह झाला. आपल्या आधी बसलेले तेवढेच आपल्या पंगतीतले. त्या लोकांना काका प्रेमाने "सावकाश होऊ द्या" म्हणतात, तेही अस्सल मराठीत. शिंपल्या खाणारे एक गृहस्थ दचकून आपल्या वाडग्यात काय पडलंय ते बघायला लागले.

काटा डाव्या हातात धरायचा हे कळल्यावर तर काका हबकलेच. "डाव्या हाताने जेवायचं? शिव शिव!" पण पठ्ठ्याने घरी थालीपीठ काट्या-सुरीने कापून सराव केला. प्लेट आली की अजूनही ती फिरवून घेतात, मस्टर्ड डावीकडे, फ्राइज उजवीकडे. "फ्रेंचांचं सगळं छान आहे गं, पण ताटाची डावी-उजवी बाजू काही कळत नाही."

मग मार्चमध्ये मृणाल ल्यूकला आणि त्याच्या आईला घेऊन आली. जेवण अर्थातच बिस्त्रोत. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, "बाबा, प्लीज, नो पंगत ड्रामा." काकांनी कबूल केलं. मला मात्र म्हणाले, "तू पण ये बाई. तिला माझी लाज वाटते गं. उद्या काही चुकलं तर ती मला त्या घरी नेणारच नाही." मला भरूनच आलं. मी कशाला नाही म्हणतेय!

काकांनी कोट घातला होता. काटा डाव्या हातात. प्लेटसुद्धा फिरवली नाही. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं.

विहीणबाईंचा हात थरथरायचा, त्यामुळे त्या हळू जेवत होत्या. आमचं संपलं तशी वेट्रेस आली आणि इकडच्या पद्धतीप्रमाणे रिकाम्या प्लेटा उचलायला लागली. मृणालची उचलली, ल्यूकची, माझी. विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. अर्धी प्लेट तशीच होती, पण त्यांनी काटा खाली ठेवला आणि ओशाळून म्हणाल्या, "आय ॲम फिनिश्ड."

वेट्रेसचा हात काकांच्या प्लेटकडे गेला. प्लेटमध्ये एकच फ्राय उरली होती. काकांनी प्लेट घट्ट धरली. "नो, नो! आय ॲम ईटिंग." आणि त्या एका फ्रायचे सुरीने बारीक बारीक तुकडे करायला लागले.

"बाबा, यू प्रॉमिस्ड," मृणाल दातओठ खात पुटपुटली.

काकांचा चेहरा पडला. पण प्लेट काही सोडली नाही. मराठीत हळूच म्हणाले, "मृणाल, मी इथे नवीन आलो ना, तेव्हा बेसमेंटमध्ये राहायचो. भिंतीकडे तोंड करून एकटा जेवायचो. एकटं माणूस जेवत नाही गं, उरकतं. त्यांना उरकायला लावू नको. मग मला तुझ्या घरी नाही बोलावलंस तरी चालेल."

काकांनी फ्रायचा एक कण तोंडात टाकला आणि विहीणबाईंकडे बघून मान डोलावली. तशी विहीणबाईंनी काटा पुन्हा उचलला.

वेट्रेस परत आली. "ऑल डन हिअर?"

मृणालने टोपलीतून पावाचा एक तुकडा घेतला. ठेवायला प्लेट नव्हती, म्हणून समोरच्या कागदावरच ठेवला आणि खुर्ची बाबांच्या जवळ सरकवली.

"नो," ती म्हणाली, "वुई आर स्टिल ईटिंग."