गाडीची हळद

मन्मथअप्पांच्या गाडीला फाल्गुनात रोज हळद लागते आणि अप्पा ती रोज सकाळी उतरवतात. बीडमधल्या आमच्या गल्लीत त्यांच्या फाटकाशी मोठा कडुलिंब आहे. तो फुलला की बारीक पिवळसर भुकटी रात्रभर खाली झडते आणि अप्पांची पांढरी गाडी नवरीसारखी दिसू लागते. त्या भुकटीला अप्पा हळद म्हणतात.

"गाडी दुसरीकडे लावा की," मी एकदा सुचवलं.

"उन्हात? रंग इटतो, भाऊसाहेब."

"मग कव्हर घाला."

"घासतंय ते. पोत जातो."

अप्पांचं कापडाचं दुकान होतं. ते त्यांनी पुतण्याकडे दिलं, पण पोत काही डोक्यातून गेला नाही. बाजारात वांगंसुद्धा ते दोन बोटांत धरून चोळून बघतात. गाडी पुसताना आधी जुन्या धोतराचा तुकडा तिला न टेकवता नुसता वारा घालायचा, म्हणजे सुटी भुकटी उडते. मग ओलसर मलमल, टपावरून खाली, ताग्यावरून हात फिरवावा तशी एकाच दिशेने. मी एकदा मदतीला म्हणून उलटा हात फिरवला तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, त्यामुळे गाड्या धुणाऱ्यांवर माझी नजर असते. अप्पांच्या बाबतीत मला बोलायला कधी जागा मिळाली नाही. एका तांब्यात अख्खी गाडी होते, आणि तळाशी उरलेलं पाणी मोगऱ्याला जातं.

समोरचा बालाजी मोटारसायकलवरून जाताना रोज ओरडतो, "अप्पा, लगीन कवा हाय गाडीचं?"

"तुझंच जमंना अजून, तिचं कशाला इचारतो बे?"

हा सगळा आटापिटा नातीसाठी आहे. मुलगा, सून आणि नात पुण्याला असतात. या भुकटीने नातीला शिंका येतात, डोळे सुजतात. मागच्या पाडव्याला पोरगी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन जावं लागलं. यंदा मुलगा फोनवर म्हणाला, "झाड झडून जाऊ द्या, मग बघू." हे 'बघू' अप्पांना मंजूर नाही. गाडी आतून-बाहेरून स्वच्छ असली, तर काचा लावून पोरीला बस स्टँडवरून थेट दारात आणता येईल, असा त्यांचा बेत. झाड तोडायचा सल्लाही त्यांना मिळाला होता. "सावली कुठून आणू मग तिला खेळाया?" ते म्हणाले.

मला एकच गोष्ट खटकायची. शब्द बरोबर असावा, हा माझा हट्ट. मी दोनदा समजावलं, "अप्पा, याला हळद नाही, पराग म्हणतात."

"म्हाईत हाय," असं म्हणून ते फडकं पिळायला लागायचे.

पाडवा चार दिवसांवर आला होता. रात्री चांगलंच वारं सुटलेलं. सकाळी मी अप्पांचा पेपर परत द्यायला गेलो, तर गाडीचा पांढरा रंग कुठे दिसेना. तेवढ्यात अप्पा दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून येताना दिसले. मी फाटकातूनच हाक मारली, "अप्पा, लवकर या! पराग आलाय बघा!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. अप्पांच्या घरच्या काकू धावत बाहेर आल्या. गुडघेदुखीमुळे त्या एरवी भिंत धरून चालतात. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडू देत नाहीत.

"आला? न कळवता? कुठंय माझा पराग?"

त्यांनी माझ्या मागे बघितलं, फाटकाकडे बघितलं, मग वाकून गाडीत बघितलं.

मुलाचं नाव मला इतकी वर्षं माहीत होतं. मी बॉनेटकडे बोट केलं. "काकू, हा... झाडाचा."

अप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हून हळद म्हणतो मी. तिचे कान दाराकडंच असतेत."

काकू तांब्या धरून तशाच उभ्या होत्या. अप्पांनी चपला काढल्या आणि पायरीपाशी जाऊन ताठ उभे राहिले.

"थांबलीस कावून? ओवाळ की. मी बी भायेरूनच आलोय."

"तुमी तर दुधाला गेलता."

"मग? रिकाम्या हातानं आलो का?"

काकूंना हसू आलं. त्यांनी भाकरतुकडा अप्पांवरून ओवाळून बाजूला टाकला, तांब्यातलं पाणी त्यांच्या डोळ्यांना लावलं, मग तीच ओली बोटं स्वतःच्याही डोळ्यांवरून फिरवली.

"परवास कसा झाला?" त्यांनी पदराआडून विचारलं.

"बरा झाला," अप्पा म्हणाले. "पर लई लांबून आलो."