हात वाळवण्याची जोरदार व्यवस्था

सार्वजनिक वाचनालयाच्या स्वच्छतागृहात हात वाळवण्याचं नवं यंत्र बसलं, तेव्हा आत्याची त्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. आत्या दातांची डॉक्टर. दिवसभर हातात घरघरतं यंत्र धरून धरून तिचे कान आता कशालाच दाद देत नसत. तक्रार होती ती बिट्टीची, म्हणजे आत्याच्या भावाच्या पाच वर्षांच्या लेकीची. तीही बिट्टीने तोंडी नोंदवली नाही. कुणीतरी यंत्राखालून हात नेला, यंत्र गरजलं, आणि बिट्टी दोन्ही कान दाबून जी सुटली ती जिना, फाटक, फुटपाथ मागे टाकत थेट समोरच्या चपलांच्या दुकानात शिरली. आत्या धापा टाकत पोचली, तेव्हा ती खोक्यांच्या ढिगामागे बसली होती.

"गेला का तो?"

"कोण गं?"

"भिंतीतला."

वाचनालयात दर शनिवारी मुलांसाठी गोष्ट सांगत, आणि बिट्टी त्या गोष्टीसाठी आठवडाभर जीव टाकायची. आता ती शनिवारी सकाळपासून पाण्याचा थेंब घेईना. तरी गोष्ट रंगात आली की तिचे पाय एकमेकांना वेढे घालू लागत, चेहरा लाल होई, आणि आत्याला तिला काखोटीला मारून घराकडे पळावं लागे. "आत्या, अस्वल विहिरीतून बाहेर आलं असेल का गं?" असं ती वाटेत रडवेल्या आवाजात विचारायची. आत्याला काय माहीत? तीही पळतच होती.

दवाखान्यात घाबरलेल्या मुलांसाठी आत्याची एक साधी रीत होती. आधी सांगायचं, मग लांबून दाखवायचं, मग त्यांच्याच हातात द्यायचं. तिने घरचं केस वाळवायचं यंत्र बिट्टीच्या हातात दिलं. "चालू तू करायचं, बंदही तूच करायचं. मी मध्ये बोलणार नाही." पहिल्या दिवशी यंत्र शेजारच्या खोलीत चाललं. मग दाराशी. मग कानांवर जाड कानटोप चढवून बिट्टीने आधी बाहुलीचे केस वाळवले आणि नंतर आत्याच्या डोक्याचं पार घरटं केलं. बटण आपल्या हातात असलं की राक्षस ऐकतो, हे तिला पटलं.

पण वाचनालयातल्या राक्षसाला बटणच दिसत नव्हतं. म्हणून आत्या ग्रंथपालांकडे गेली.

"एक खिळा ठोका आणि टॉवेल अडकवा, एवढंच म्हणणं आहे."

ग्रंथपाल आयुष्यभर कुजबुजतच बोलत आलेले. "टॉवेल म्हणजे मागे जाणं झालं, डॉक्टरबाई."

"मग यंत्राला बटण लावा."

"यंत्र स्वयंचलित आहे. बटण लावलं तर ते स्वयंचलित कसं राहील?" त्यांनी हळहळून मान हलवली. "पण तुमची भावना वर पोचवतो."

भावना वर पोचली आणि तिथे तिची समिती झाली. बालक-ध्वनी-सुलभता समितीचे अध्यक्षसाहेब मनाने अत्यंत हळवे होते. बिट्टीची हकिकत ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तातडीचा उपाय म्हणून दारावर पाटी लावली : 'सावधान! येथे मोठा आवाज होतो.'

"साहेब, या मुलांना अजून वाचता येत नाही," आत्या म्हणाली.

"रास्त मुद्दा," अध्यक्षसाहेब म्हणाले, आणि पाटीवरचा मजकूर ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवण्याची सोय झाली. यंत्राच्या गदारोळात ती सूचना ऐकू येईना, म्हणून सूचनेचा आवाज यंत्राच्या वर नेण्यात आला. एवढ्या आवाजातली सूचना एकदम कानावर आदळून मुलं दचकू लागली, म्हणून सूचनेची पूर्वकल्पना देणारा भोंगा बसला. भोंग्याचीही कल्पना असावी, म्हणून दाराशी शिट्टी घेतलेला रखवालदार आला. वाचनकक्षात शिट्टीसरशी लोकांच्या हातून पुस्तकं पडू लागली. पुस्तकं पडल्याचा आवाज होतो म्हणून समितीने वाचकांना समज दिली.

आत्या पुन्हा गेली. अध्यक्षसाहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि 'शांत तास' दिला. रोज सकाळी तासभर यंत्र बंद राहणार होतं.

"पण त्या वेळी मुलं शाळेत असतात हो!"

"म्हणून तर शांत असतं," अध्यक्षसाहेब समाधानाने म्हणाले.

"टॉवेलचं काय झालं?"

टॉवेल तत्त्वतः मंजूर झाला होता. मात्र तो गरजू बालकांनाच मिळावा, यासाठी पडताळणी होती. बालकाला यंत्रासमोर उभं करायचं. किंचाळलं नाही तर त्याला टॉवेलची गरज नाही. किंचाळलं तर ते गरजू खरं, पण अशा बालकाला सुरक्षिततेच्या कारणास्तव स्वच्छतागृहात सोडता येत नाही. टॉवेल अध्यक्षसाहेबांच्या कपाटात घडी करून ठेवला होता. पांढराशुभ्र. "गैरवापराची एकही घटना नाही," ते अभिमानाने म्हणाले.

शेवटी एका शनिवारी या सगळ्याचं रीतसर उद्घाटन ठरलं. 'आवाजस्नेही स्वच्छतागृह' अशी कमान लागली. बँड आला. भाषणं झाली. पाहुण्यांनी फीत कापण्याऐवजी नव्या नळांवर हात धुवावेत अशी कल्पना निघाली, आणि समितीचे सदस्य, नेहमीचे वाचक, मुलांचे आईबाप अशी सगळी मंडळी रांगेने हात धुऊन आली.

बिट्टी आत्याचं बोट धरून गर्दीत उभी होती. कानांवर कानटोप, ओठ घट्ट मिटलेले.

"मी जाते," ती एकदम म्हणाली. "तू दाराशी थांब. आत यायचं नाही."

आत्याने बोट सोडलं.

बिट्टी दारापर्यंत गेली. रखवालदाराने शिट्टी फुंकली. भोंगा वाजला. "लक्ष द्या! घाबरू नका!" असं ध्वनिक्षेपक ओरडला. आपलीच पाळी आली असं समजून बँडवाल्यांनीही उत्साहाने ठेका धरला, आणि अंगावर लोंबणारा उद्घाटनाचा हार हात समजून आत यंत्र गरजलं. बिट्टीने कान दाबले. पण ती पळाली नाही. मागे वळून तिने अध्यक्षसाहेबांचा कोट ओढला.

"आजोबा, हे बंद कुठून होतं?"

अध्यक्षसाहेबांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपालांनी रखवालदाराकडे पाहिलं. हा प्रश्न समितीपुढे कधी आलाच नव्हता. अखेर मागून वायरमन म्हणाला, "दाराच्या वर खटका आहे की. पहिल्यापासून आहे."

आत्या उंच होती. तिने टाचा उचलल्या आणि खटका खाली ओढला.

यंत्र थांबलं. भोंगा आणि ध्वनिक्षेपकही त्याच खटक्यावर होते, तेही गप्प झाले. बँडवाले ओशाळून थांबले. त्या शांततेत बिट्टी आत गेली, तिने निवांत आपलं काम उरकलं, साबण लावून हात धुतले, आणि बाहेर येऊन ओले हात झटकत नाचू लागली. "गेले! आत्या, मी एकटी गेले!" शिंतोडे उडाले. आत्या हसत होती आणि तोंड फिरवून डोळेही पुसत होती.

"हे फार चांगलं झालं," अध्यक्षसाहेब गंभीरपणे म्हणाले. "पण यंत्र बंद राहिलं तर मुलांना त्याची सवय कशी होणार? आणि आपण इतरांची गैरसोय करू शकत नाही. लोकांना यंत्र हवं आहे. आपण लोकांनाच विचारू. यंत्र चालू राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. वाचकांनी केले, ग्रंथपालांनी केले, आईबापांनीही एकमेकांकडे बघत केले. वर गेलेल्या त्या सगळ्या हातांतून पाणी ठिबकत होतं, कोपरांवरून ओघळून बाह्यांत शिरत होतं. एकानेही ते यंत्राखाली धरले नव्हते.

"एकमताने मंजूर," अध्यक्षसाहेब म्हणाले. रखवालदाराने खटका वर केला. बिट्टीने कानटोप घट्ट दाबला. आणि सभा संपल्यावर सगळ्यांनी आपापले हात पँटला, पदराला, ओढणीला पुसले.

तुम्हाला हसू येत असेल. खुशाल हसा. पण मागे एकदा अशाच एका यंत्रासमोर एक मूल कान दाबून रडत होतं, आणि त्याच्या आईला "जरा सवय लावा हो मुलाला" असं सुनावून कुणीतरी पँटच्या मागे हात पुसत बाहेर पडलं होतं. ते तुम्हीच होता; समितीला तेही तुमचं मत म्हणून मोजता आलं असतं. तुम्ही तेव्हा हात वर केला नव्हता एवढंच.