आमच्याकडं बाळंतपण हाय, यायचं बरं का!

हळदीकुंकवाला बोलवावं तसं स्वतःच्या बाळंतपणाला बोलावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या समोरच्या दारातली मनीषा.

मी दाराशी मेथी निवडत बसले होते. मनीषा येऊन उभी राहिली. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आठव्या महिन्याचं पोट पुढं.

"ताई, संक्रांत झाली की आमच्याकडं बाळंतपण हाय. घरीच करलाले. तुम्ही यायचं बरं का."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "डोहाळजेवण म्हणतेस का?"

"ते झालं की मागच्या महिन्यात! दोनदा जिलेबी घेतली तुम्ही. हे बाळंतपण."

"अगं, पण मी येऊन करू काय?"

"ओरडायचं. तुमचा आवाज लई दांडगा हाय. माझा जोर कमी पडला की तुम्ही दारातून म्हणायचं, 'लाव जोर!' त्यात काय अवघड हाय?"

मी नांदेडातल्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या आवाजाबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलंय, पण त्याला असं मानाचं काम कुणी दिलं नव्हतं. मी नकळत "बरं" म्हणाले. मनीषापुढं बहुतेक सगळ्यांचं असंच व्हायचं.

ती दुसऱ्या एका शाळेत खेळाची बाई होती. माहेर मुखेडकडचं, सासर निलंग्याकडचं, नवरा शिवराज एसटीत कंडक्टर. पहिली मुलगी ओवी सिझरनं झालेली. आता दुसऱ्या वेळी मनीषानं ठरवून टाकलं होतं, की दवाखाना नको, टेबल नको, कात्री नको. बाळ आपल्या घरात, आपल्या चटईवर येणार. आणि एकदा ठरलं म्हटल्यावर तिनं ते शाळेच्या क्रीडा महोत्सवासारखं हातात घेतलं. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला काम. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी फाटक उघडं ठेवायचं आणि गल्लीतलं कुत्रं आत येऊ द्यायचं नाही. वरच्या शेख भाभींनी पाणी तापवायचं. भाभी म्हणाल्या, "अगं, कितना पानी?" तर ही म्हणाली, "भरपूर. पिक्चरमधे कितना लगता हाय, उतना."

भाजीवाल्यालाही तिनं सांगून ठेवलं होतं. तो बिचारा शेपूची एक जुडी जास्तीची टाकायचा आणि लाजून दुसरीकडं बघायचा.

रोज सकाळी गच्चीवर तिचा सराव चाले. ती उकिडवी बसायची, उठायची, पुन्हा बसायची, आणि मध्येच शिट्टी फुंकायची. "श्वास आत! धरा! सोडा!" पहिल्या आठवड्यात एकटीच होती. मग वजन कमी होईल या आशेनं बिल्डिंगमधल्या बायका जमायला लागल्या. शेख भाभींचे गुडघे धरले, पण उत्साह सुटला नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं, की आमच्याकडं एकाच वेळी सगळ्याजणी गरोदर आहेत.

मोबाइलवर परदेशातल्या बायका पाण्यात बाळंत होताना तिनं पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून लहान मुलांचा हवेचा टब आणला. निळा, त्यावर मासे. शिवराजनं ड्युटीवरून येऊन सायकलच्या पंपानं तो फुगवला. आधीच आमच्याकडं नळ येतो दिवसाआड. सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या करून टब भरला. मनीषा साडीसकट आत बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "एक नंबर!" तेवढ्यात एका माशाच्या शेपटीपाशी फट् झालं. पाणी हॉलमधून जिन्यात आणि जिन्यातून कुलकर्णीकाकांच्या दारात गेलं. काका चप्पल हातात घेऊन वर आले. "झालं का? काय झालं, मुलगा की मुलगी?"

शिवराज हा अबोल माणूस. गाडीत दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून घरी आल्यावर त्याच्याजवळ शब्द शिल्लक नसत. पण त्या दिवशी जिना पुसताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, मला लई भेव वाटलालंय. तुम्ही सांगा की तिला."

मी सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. त्या काही दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, "नॉर्मलचा प्रयत्न आपण नक्की करू. बऱ्याच जणींचं होतं. पण पोटातल्या पिशवीवर जुना टाका आहे. कळा सुरू झाल्यावर तो उसवला तर तुम्ही आणि बाळ दोघंही धोक्यात. तेव्हा ऑपरेशनची खोली शेजारीच पाहिजे. घरी नाही."

मनीषा घरी येऊन आम्हाला म्हणाली, "डॉक्टर अर्ध्या तयार झाल्या. उरलेल्या अर्ध्या होतील."

मग ती सुईण शोधायला कंधारला गेली. कुणीतरी सांगितलं होतं, तिथं एक म्हातारी आहे, हाताला यश आहे. म्हातारी भेटली. चहा पाजला, पोटावरून हात फिरवला, कौतुक केलं. शेवटी विचारलं, "पहिलं कसं झालं, माय?" मनीषा म्हणाली, "सिझर." म्हातारीनं दोन्ही हात जोडले आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

मनीषाला याचंही फारसं काही वाटलं नाही. "अव्वा येऊलाल्यात ना निलंग्याहून," ती म्हणाली. "त्यांची पाचही बाळंतपणं घरी झाली. आता बघा तुम्ही सगळे!"

अव्वा म्हणजे शिवराजची आई. निलंग्याच्या सीमेकडच्या गावात राहणारी, शेतात राबून उन्हानं रापलेली, काटक बाई. तिच्याकडं आईला अव्वाच म्हणतात. ती आली तेव्हा मनीषानं तिच्या पाया पडायच्या आधीच तिला, आणि मागोमाग मला, आतली खोली दाखवायला नेलं. पलंग बाहेर काढलेला, चटई अंथरलेली, खिडकीला नवा पडदा, कोपऱ्यात ठिगळ लावलेला निळा टब.

अव्वानं टबाकडं बराच वेळ पाहिलं. "हे काय करलालीस?"

"पाण्यात बाळंत होतात, अव्वा."

"लातुराकडं प्यायला पानी न्हाई, आन् तू त्यात बाळंत व्हायलालीस?"

मनीषा आणि मी हसलो. अव्वा हसली नाही. तिनं पडदा सारून उजेड आत घेतला आणि चटई गुंडाळायला लागली.

"मी करू देणार न्हाई घरात."

मनीषाला हे अपेक्षितच नव्हतं. जिच्या भरवशावर ती सगळ्या नांदेडशी भांडत होती, तीच चटई गुंडाळत होती. मनीषानं चटईचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाली, "तुम्हीच असं म्हणता? तुमची पाच झाली की घरात!"

"मला दवाखाना नव्हता म्हणून झाली. हौस म्हणून न्हाई." अव्वा चटईवर बसली. "पाच झाली. हायती किती? शिवराज आन् दोघी बहिणी. मोज तूच."

मी उठायला लागले. असल्या बोलण्यात शेजारणीनं थांबू नये. पण मनीषानं माझा हात घट्ट धरला होता.

"एक लेकरू दोन दिवसांचं होऊन गेलं," अव्वा म्हणाली. "त्याला घेतलं होतं मी मांडीवर. पर पहिली पोरगी. ती आडवी होती. रात गेली, दुसरा दिस गेला. ती आली तवा रडलीच न्हाई. सासूनं फडक्यात गुंडाळली आन् बाहीर दिली. म्या म्हनलं, दावा की मला एकडाव. तर म्हनल्या, बघून काय करतीस, माया लागंल. शिवराजपेक्षा मोठी होती ती. तिचं तोंड कसं होतं, मला ठाव न्हाई."

खाली कुलकर्णीकाका कुत्र्याला हाकलत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

मग मनीषा बोलायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "ओवीच्या वेळी मला पूर्ण भूल दिली, अव्वा. घाई होती म्हणे. मी उठले तवा संध्याकाळ झाली होती. तोवर ओवीला सगळ्यांनी बघितलं होतं. यांनी, तुम्ही, माझ्या आईनं, मावश्यांनी. मोबाइलवर पुण्याच्या काकूनं सुदिक बघितलं. ती कुनासारखी दिसते यावर भांडणं होऊन मिटली होती. सगळ्यात शेवटी मी. माझ्या हातात दिली तर मला वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी हाय, मी सांभाळायला घेतलीय. लई दिवस तसंच वाटायचं. कुनाला सांगू? लोक म्हणले असते, ही कसली आई."

म्हणजे हे सगळं, शिट्टी, टब, बोलावणी, या एवढ्यासाठी होतं. रोज समोर राहूनही मला कळलं नव्हतं.

अव्वानं तिला जवळ घेतलं नाही. तिला तसं येत नसावं. तिनं मनीषाच्या पायाचा तळवा ओढून मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दवाखान्यात जाऊ. मी येते संगं. डॉक्टरला इचारू, जागं ठेवून करतेत का."

मनीषानं नाक पुसलं. "पण नॉर्मलचा प्रयत्न आधी."

"कर की. तुला कोन अडवलंय? जोर तुझा हाय."

डॉक्टरीणबाई तयार झाल्या. बिल्डिंगमधल्यांना मात्र जरा हिरमुसल्यासारखं झालं. इतकी तयारी झालेली, आणि कार्यक्रमाची जागा बदलली! शेख भाभींनी तर नवं पातेलं काढून ठेवलं होतं.

संक्रांत झाली. तिळगूळ अजून डब्यात होता. सकाळी गच्चीवर मनीषा शिट्टी फुंकत होती आणि शिट्टी मध्येच थांबली. आम्ही सगळ्या श्वास आत घेऊन उभ्याच. सोडा म्हणायला कुणी नाही. मनीषा कठड्याला धरून वाकली आणि वर बघून हसली. इतकं मोठं हसली, की मला आधी कळलंच नाही.

"ताई, आलं!"

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणायचं की मिरवणूक, मला सांगता येत नाही. जो तो आपापल्या नेमलेल्या कामाला पळाला. भाभींनी ओवीला आपल्याकडं ठेवून घेतलं आणि पाणीही तापवलं, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी. काकांनी फाटक उघडून कुत्र्यापुढं हात पसरले. गाडीही काकांचीच. पुढं काका, मागं मधे मनीषा, एका बाजूला अव्वा आणि दुसऱ्या बाजूला मी. गोदावरीच्या पुलावर वाहनं तुंबली होती. मनीषाला कळ आली. तिनं माझ्या मांडीवर बुक्की मारून सांगितलं, "ताई, ओरडा!"

"लाव जोर" म्हणायची ही वेळ नव्हती, एवढं मलाही कळत होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "बाजूला व्हा! बाळंतपण आहे!" पुलावरच्या रिक्षा, मोटारसायकली, उसाचा एक ट्रॅक्टर, सगळे सरकले. एक रिक्षावाला तर आमच्या पुढं हॉर्न वाजवत दवाखान्यापर्यंत आला.

शिवराज तेव्हा मुखेडच्या गाडीवर होता. त्याला फोन केला. मागून प्रवाशांचा गलका येत होता. "मास्तर, काय झालं?" शिवराजनं त्यांनाच सांगितलं वाटतं, कारण सगळी गाडी एकदम ओरडली. बदली कंडक्टर मिळवून तो उलट्या गाडीनं निघाला.

मनीषानं दुपारपर्यंत कळा काढल्या. अव्वा उशाशी होती. मी दाराबाहेर. आतून मनीषाचा आवाज येई, "त्यात काय अव... आई गं!" आणि मग अव्वाचा, "हाव हाव, लई ग्वाड करलालीस." डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळानं येऊन बाळाचे ठोके बघत होत्या. चेहरा प्रसन्न होता. मग एकदा आल्या, आणि चेहरा बदलला. जुन्या टाक्यापाशी दुखायला लागलं होतं. कळ ओसरली तरी तिथलं दुखणं ओसरत नव्हतं, आणि बाळाचे ठोके कमी होत होते.

"मनीषा, आता थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "आत जाऊ या."

दार उघडं होतं, मला तिचा चेहरा दिसला. घामानं निथळलेला. मला वाटलं, ही आता भांडेल. तिनं एकच विचारलं.

"मी जागी राहणार ना?"

"राहणार. कमरेत इंजेक्शन देते."

"मग चला जल्दी."

तिला आत नेलं. अव्वा बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. तेवढ्यात शिवराज धावत आला, खाकी शर्ट, खांद्याला बॅग तशीच. काकाही वर आले. आम्ही चौघं त्या बंद दाराकडं बघत राहिलो. मग आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण रागीट. काका मटकन बाकावर बसले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. नर्सच्या हातात गुंडाळलेलं बाळ होतं. शिवराज दोन्ही हात पुढं करून गेला. नर्स त्याला वळसा घालून पुढं आली.

"अव्वा कोण?"

अव्वानं मागं वळून पाहिलं, जणू मागं दुसरी कुणी अव्वा असेल.

"तुम्हीच ना? मुलगी आहे. पेशंटनं आधी स्वतः मन भरेपर्यंत बघून घेतलं, गालाला गाल लावला, मला हात लावू देईनात. मग म्हणाल्या, बाहेर माझी अव्वा आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आणि त्यांना म्हणावं, घाई करू नका. पोटभर बघा."

अव्वाचे हात पदराखालून निघायलाच वेळ लागला. नर्सनं बाळ तिच्या हातांवर ठेवलं. अव्वानं फडकं जरासं बाजूला केलं आणि खिडकीकडं उजेडात गेली. कपाळ बघितलं. भुवया बघितल्या. नाक, ओठ, हनुवटी, कानाच्या पाळ्या. बोटानं काहीच शिवलं नाही, नुसतं बघत राहिली. बाळानं एक डोळा उघडला.

"अव्वा, मला बी दाव की," शिवराज म्हणाला.

"थांब रे," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "तुझ्या थोरल्या बहिणीला बघू दे मला."

शिवराजला बहिणी दोनच ठाऊक होत्या, दोघीही धाकट्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच 'बघू दे' म्हटलं, आणि तो तिथंच, पसरलेले हात खाली करून, थांबला.